धुरातलं गंधक खाणारे बॅक्टेरिया

कारखान्याच्या धुरातले घातक वायू आधी पाण्यात पकडायचे आणि मग ते बॅक्टेरियांकडून पचवून घ्यायचे, अशी ही पद्धत. गंधकापुरतं बोलायचं तर तिला बायो-एफजीडी म्हणतात (एफजीडी म्हणजे धुरातलं गंधक काढणं). धूर थेट बॅक्टेरियांवर सोडतात असं बऱ्याच जणांना वाटतं पण तसं नाही, बॉयलरचा धूर सव्वाशे-दीडशे डिग्री गरम, त्यात हे बॅक्टेरिया टिकायचेच नाहीत, म्हणून आधी राख गाळून धूर गार करतात आणि सोडा घातलेल्या पाण्याच्या फवाऱ्यातून काढतात, तिथं सल्फर डायऑक्साइड विरघळून सल्फाइट तयार होतं.

पुढची सगळी गंमत दोन टाक्यांत. पहिलीत हवा अजिबात नाही, तिथं डिसल्फोव्हिब्रियो जातीचे बॅक्टेरिया (या गटाचा शोध सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बायेरिंकने १८९५ मध्ये हॉलंडात लावला) सल्फाइटचं सल्फाइड करतात, फुकट नाही हं, खाद्य म्हणून हायड्रोजन नाहीतर अल्कोहोल द्यावं लागतं. दुसरीत थायोबॅसिलस नावाचे बॅक्टेरिया त्या सल्फाइडचं गंधक करतात, आणि त्यांना हवा अगदी मोजून. जास्त झाली की गंधक न मिळता सल्फेट होतं, कमी पडली की सल्फाइड तसंच राहतं आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. जमलं तर पाणी दुधासारखं होतं आणि तळाला पिवळसर गाळ बसतो, तेच गंधक. सोडाही बराचसा परत वापरता येतो.

हे गंधक इतकं बारीक असतं आणि पाण्यात इतकं सहज मिसळतं की बुरशीनाशक म्हणूनही चालतं, म्हणजे आपल्याकडचे बागायतदार द्राक्षावर भुरीसाठी जे फवारतात तेच!

धुरातल्याच नायट्रिक ऑक्साइड वायूचं दुखणं वेगळं, ते पाण्यात जवळपास विरघळतच नाही, त्यासाठी पाण्यात लोह-ईडीटीए हे लोहाचं संयुग घालतात, ते हा वायू पाण्यात धरून ठेवतं. या पद्धतीचं नाव बायोडिनॉक्स, ती ५०-५५ डिग्रीला चालते.

आता आपल्या सोलापुरात याचा उपयोग कुठं? एनटीपीसीची ६६० मेगावॅटची दोन युनिटं आहेत, पण एवढ्या धुराला टाक्याही तशाच अवाढव्य लागतील, मोठ्या वीज केंद्रांत चुनखडीचीच पद्धत रुळलेली आहे. साखर कारखान्यात जळणाऱ्या बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चिपाडात, गंधक नावालाच, हंगामात गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीवर जे काळे कण पडतात ती राख आणि काजळी, तिथं बॅक्टेरिया काय करणार. माझ्या मते खरी जागा डिस्टिलरीत. स्पेंट वॉशमध्ये, म्हणजे अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्यात, सल्फेट भरपूर, त्यामुळं त्याच्या बायोगॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड येतं, तसाच जाळला तर इंजिन गंजतं आणि वर सल्फर डायऑक्साइड हवेत जातो तो वेगळाच. इथं गंधक आधीच सल्फाइडच्या रूपात असल्यानं पहिली टाकी लागतच नाही, थायोबॅसिलसवर भागतं.

फक्त मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला गेला की टाकीवर सावली पाहिजे. आणि प्लांट बरेच दिवस बंद राहिला तर बॅक्टेरिया उपाशी पडतात, मग बटण दाबलं की चालू असं होत नाही, त्यांची संख्या परत वाढेपर्यंत थांबावं लागतं.