कैगा वेगळं, फ्युजन वेगळं: पुतणीच्या नोकरीमागचा इतिहास

चवथीला पुतणी गांधीनगरहून फोंड्याला आलेली, माटोळीला, म्हणजे गणपतीवरच्या मांडवाला, नारळ-सुपारीचे घोस बांधताना तिच्या न्यूक्लिअर इंजिनिअरच्या नोकरीचा विषय निघाला आणि बाबांनी लगेच विचारलं, "म्हणजे कैगासारखं काय गो बाय?" आपल्याकडे अणुऊर्जा म्हटलं की काणकोणच्या पलीकडचं, कर्नाटकातलं कैगाचं अणुवीज केंद्रच आठवतं. पण तिथे युरेनियमचा अणू फोडतात आणि ही ज्या फ्युजनवर काम करते त्यात हायड्रोजनचे अणू जोडतात, सूर्यात चालतं तसं.

हे स्वप्न जुनं आहे. १९५५ साली जिनिव्हाच्या अणुऊर्जा परिषदेचे अध्यक्ष होते होमी भाभा, आणि ते म्हणाले होते की पुढच्या २० वर्षांत फ्युजन ताब्यात आणायची रीत सापडेल. तसं झालं नाही, कारण १५ कोटी डिग्रीचा प्लाझ्मा, म्हणजे अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतील इतका तापलेला वायू, कुठल्याच भांड्यात राहत नाही, चुंबकानेच अधांतरी धरावा लागतो. त्यासाठीचं यंत्र म्हणजे टोकामॅक, ते रशियनांचं. १९६८ मध्ये त्यांनी आपल्या टी-३ या टोकामॅकच्या तापमानाचे आकडे सांगितले तर पश्चिमेकडे बऱ्याच जणांचा विश्वासच बसेना, मग १९६९ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ आपलं लेझरचं सामान घेऊन मॉस्कोला गेले, स्वतः तापमान मोजलं आणि आकडे खरे निघाले, तेसुद्धा ऐन शीतयुद्धात! मला हा प्रसंग फार आवडतो.

आपल्याकडे अहमदाबादच्या पीआरएल या भौतिकी संशोधन संस्थेत १९८२ ला सुरुवात झाली, १९८६ ला आयपीआर ही प्लाझ्मा संशोधनाची वेगळी संस्था झाली, १९८९ ला आदित्य टोकामॅक चालू झाला. डिसेंबर २००५ मध्ये भारत फ्रान्समधल्या इटर या अनेक देशांच्या मोठ्या टोकामॅकच्या प्रकल्पात शिरला. इटरच्या भोवतीचं सुमारे ३,८५० टनांचं स्टीलचं क्रायोस्टॅट, म्हणजे आतलं सगळं थंड ठेवणारं अवाढव्य भांडं, एल अँड टीने हजिऱ्यात बनवलं, तुकडे करून जहाजाने पाठवलं आणि तिकडे वेल्डिंग करून जोडलं.

न्यूक्लिअर इंजिनिअरची खरी गरज इथेच लागते. प्लाझ्मा पेटवणं हे फिजिक्सवाल्यांचं, पण ड्युटेरियम-ट्रिटियम हे हायड्रोजनचे जड प्रकार जुळले की १४ एमईव्हीचा, म्हणजे प्रचंड ऊर्जेचा, न्यूट्रॉन सुटतो, तो भिंतीवर आदळत राहतो, धातू ठिसूळ होतो, मग कुठला धातू टिकेल ते कोण बघणार? शिवाय ट्रिटियम निसर्गात जवळपास नाहीच, १२.३ वर्षांत निम्मं उरतं, म्हणून ते यंत्रातच लिथियमपासून बनवावं लागणार. पुतणीचं काम याच लिथियमच्या भागाचं. आणि ट्रिटियम कैगाच्या जड पाण्यातही तयार होतं, त्यामुळे बाबांचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता, ते तिनेच त्यांना समजावून सांगितलं.

१९९७ मध्ये इंग्लंडमधल्या जेट नावाच्या टोकामॅकमध्ये २४ मेगावॅट उष्णता घालून १६ मेगावॅट मिळाली होती. इटरला घातलेल्याच्या १० पट काढायचीय, पण ड्युटेरियम-ट्रिटियमचं काम आता २०३९ वर गेलंय. पुतणी आज २७ ची आहे, तेव्हा चाळिशीत असेल, "म्हणजे माझ्या नोकरीतच होईल की" असं म्हणत तिने पुढचा घोस उचलला.