वावधन

वावधन : (वावधान). एकाएकी सुटणारा, धूळ-पाचोळा उडवीत येणारा जोराचा वारा. विदर्भात हा शब्द मुख्यतः उन्हाळ्याच्या उत्तरार्धातील वादळी वाऱ्यासाठी येतो. वैनगंगा, वर्धा, कन्हान, पूर्णा या नद्यांच्या काठी वावधनाचा अदमास घेण्याची रीत आणि त्यावर बेतलेला नदीवरचा विरंगुळा, एवढाच या नोंदीचा विषय आहे. पिकांच्या व घरांच्या हानीचा विचार येथे केलेला नाही.

शब्दाच्या पूर्वार्धाबद्दल फारसा वाद नाही. संस्कृत ‘वात’ मधील त-काराचा प्राकृतात लोप होऊन मराठीत ‘वाव’ झाला असावा; ‘घात’ पासून ‘घाव’ होतो त्याच वाटेने. वावटळ, वावझड (वाऱ्याने तिरपी मारणारी सर) आणि वावडी (पतंग) हे त्याच कुळातले शब्द होत. शेत या अर्थाचा वऱ्हाडी ‘वावर’ मात्र नुसत्या ध्वनिसाम्यावरून या कुळात ओढू नये. अडचण उत्तरार्धाची आहे. धान पिकवणाऱ्या पूर्व विदर्भात ‘धान उपणायचा वारा’ असा अर्थ लावण्याचा मोह होतो. पण कपाशी-ज्वारीच्या मुलखातही हा शब्द तितकाच रुळलेला आहे आणि वावधनात उपणणी होत नाही. दाणा आणि भूस एकाच दिशेला जातात. ‘ध्वान’ (आवाज) किंवा ‘धावन’ (धाव) यांच्याशी संबंध जोडता येतो. अर्थाच्या दृष्टीने दुसरा पर्याय अधिक पटणारा आहे, परंतु मधला व-कार कसा गळाला हे त्यात सुटत नाही. तूर्त हा भाग अनिर्णित ठेवणे बरे.

वाऱ्यावरून भाकीत करण्याची लिखित परंपरा जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सुमारे सहावे शतक) आषाढी पौर्णिमेला सूर्यास्ताच्या वेळी वारा कोणत्या दिशेचा आहे हे पाहून पुढील पावसाचे फल सांगितले आहे. मराठीत अशी वचने सहदेव-भाडळी या जोडीच्या नावावर सांगितली जातात. भाडळी हे नाव गुजरात-राजस्थानात भडली, तर हिंदी प्रदेशात घाघ या लोककवीच्या जोडीने भड्डरी असे भेटते. ही व्यक्ती ऐतिहासिक मानावी की केवळ नाममुद्रा, याविषयी एकमत नाही. निरनिराळ्या बोलींत विखुरलेली वचने एका नावाखाली हळूहळू जमा झाली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यांचा काळ ठरवणे त्यामुळेच अवघड जाते. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळची घटमांडणी अक्षय्य तृतीयेला होते आणि तिचाही रोख मुख्यतः पाऊस व पीक यांवर असतो. या सर्व परंपरांत वारा हे पावसाचे चिन्ह आहे. डोंग्यात (लहान नावेत) बसलेल्या ढिवराला (मासेमाराला) मात्र वाऱ्याशीच काम असते, आणि तेही वर्षाच्या नव्हे, पुढच्या घटकाभराच्या.

मे महिन्याच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो. तेव्हाचे नऊ दिवस विदर्भात नवतपा म्हणून ओळखले जातात. दुपारपर्यंत जमीन तापते, हवा वर चढते आणि पुरेसे बाष्प मिळाल्यास तिसऱ्या प्रहरी उंच गडगडाटी ढग उभे राहतात. ढगाखालची हवा कोरडी असल्याने पडणारा बराच पाऊस वाटेतच वाफ होऊन जातो. या बाष्पीभवनाने गार व जड झालेली हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. तिची आघाडी ढगाच्या पुढे काही किलोमीटर धावू शकते. म्हणून डोक्यावर ऊन असतानाही वावधन येते. जागतिक हवामान संघटनेच्या व्याख्येनुसार वाऱ्याचा वेग एकदम सेकंदाला किमान ८ मीटरने वाढून ११ मीटर किंवा त्याहून अधिक झाला आणि तसा निदान एक मिनिट टिकला, तर त्याला चंडवात (स्क्वॉल) म्हणतात. बोलीतील वावधन इतके काटेकोर नाही.

नदीकाठची लक्षणे साधी आहेत. भर उकाड्यात वारा ‘पडला’ की जाणते सावध होतात. पलीकडच्या रेतीवर धूळ उठते, मग बेटावरचा कास (उंच गवत) एका अंगाला लवतो आणि अखेरीस पाण्यावर काळसर, सुरकुतलेला पट्टा सरकत येताना दिसतो. तो दिसल्यावर आवराआवर करायला फार वेळ उरत नाही. मूठभर कोरडी रेती खांद्याच्या उंचीवरून सोडून ती कुठे वाहते ते पाहणे ही आणखी एक रीत. हिने दिशा कळते, जोर नव्हे. वारा प्रवाहाच्या उलट असेल तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. कमी काठाच्या डोंग्यात पाणी शिरते ते अशा वेळी.

अधिकृत अंदाज भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या नागपूर येथील प्रादेशिक केंद्राकडून विदर्भाच्या ११ जिल्ह्यांसाठी निघतात. इशाऱ्यांना हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल असे रंग असतात. याखेरीज तीन तासांपुरता तातडीचा अंदाजही दिला जातो. ‘ताशी ३० ते ४० किलोमीटर वेगाचा सोसाट्याचा वारा’ ही त्यातील शब्दरचना आता खेड्यातही तोंडपाठ झाली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप २० व ४० किलोमीटरच्या परिघातील विजेची सूचना देते. मर्यादा दोन. अंदाजाचा घटक जिल्हा असतो आणि वावधन एका नदीवळणापुरते येऊन जाऊ शकते. शिवाय वारा मोजण्याची प्रमाण उंची मोकळ्या जागी १० मीटर आहे. उंच दरडींमधल्या पात्रात, पाण्यापासून हातभर उंचीवर बसलेल्याला लागणारा वारा बहुधा वेगळाच असतो. लोकरीतीलाही मर्यादा आहेत, त्या सहसा सांगितल्या जात नाहीत. पवनीजवळच्या गोसीखुर्द धरणाने वैनगंगेचे पात्र वरच्या अंगाला रुंद जलाशय झाले. लाटेची उंची वाऱ्याच्या वेगाबरोबर त्याला मिळणाऱ्या मोकळ्या पाण्याच्या लांबीवरही ठरते. त्यामुळे अरुंद पात्रात घडलेले ठोकताळे बॅकवॉटरवर जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

प्रत्येक दुर्घटना वाऱ्याच्या माथी मारू नये. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण बुडाले. तेव्हा चर्चा झाली ती नावेतील गर्दीची.

विरंगुळ्यात पहिला मान रोडग्यांचा. नदीच्या रेतीत गोवऱ्यांचा जगरा पेटवून त्यात कणकेचे गोळे भाजतात, राख झटकून तुपात बुडवतात आणि वांग्याच्या भाजीबरोबर खातात. येथे वाऱ्याचा अंदाज चुकला तर जीव जात नाही, पण वरणात रेती येते आणि दाताखाली कचकचते. म्हणून जगरा दरडीच्या आडोशाला आणि बसायच्या जागेपासून वाऱ्याच्या खालच्या अंगाला लावतात. उन्हाळ्यात हे सकाळीच उरकतात, कारण दुपारी ठिणगी काठच्या वाळल्या गवतात जाण्याचे भय असते. डांगरवाडीवर (नदीच्या रेतीतील फळवेलींच्या मळ्यावर) टरबूज खायला जाणे, पोहणे, संध्याकाळी डोंग्यातून फेरी मारणे हे सारेही वावधनाची वेळ टाळूनच बेततात. महाशिवरात्रीला मार्कंड्याला वैनगंगेकाठी यात्रा भरते, तो काळ वावधनाच्या आधीचा. नदी तेव्हा बहुधा शांत असते.

संक्रांतीला पतंग उडतात. त्या दिवसांत वारा मंद असतो आणि तक्रार असते ती वारा नसल्याची. रेतीच्या मोकळ्या पात्रात त्यातल्या त्यात बरा वारा मिळतो, म्हणून पोरे चकरी घेऊन नदीवर जातात.