मुरमातली करवंदीची जाळी

एप्रिलमध्ये पुण्यातली वेताळ टेकडी चढून पाहा. गवत वाळून गेलेलं, पायाखाली मुरूम करकरतोय आणि त्यातच करवंदीची जाळी हिरवीगार. माती जेमतेम वीतभर. खाली 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा कातळ. हे झुडूप जगतं कशावर?

आपल्याला वाटतं, काळी माती ती श्रीमंत. ते खरंच आहे. तिच्या अतिसूक्ष्म कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम त्यांना चिकटून राहतात, पावसात सहज वाहून जात नाहीत. पाणीही ती भरपूर धरते. पण सोडत नाही! शंभर ग्रॅम काळ्या मातीत वीसेक ग्रॅम पाणी शिल्लक असतानाही रोप कोमेजू शकतं. भरड मुरमात त्याहून कितीतरी कमी ओल मुळांना पुरते. वळवाची सर काळ्या रानात वरच्या थरातच अडकते आणि उन्हात उडून जाते. मुरमात ती झिरपून थेट कातळाच्या फटींत उतरते. शिवाय काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा बारीक मुळं तुटतात ती वेगळीच.

फॉस्फरसचं दुखणं मात्र सगळीकडचं. चुनखडीच्या काळ्या जमिनीत त्याला कॅल्शियम बांधून ठेवतं, महाबळेश्वरच्या जांभ्यात लोह आणि अॅल्युमिनियम. मुळांवर वाढणारी बुरशी तो थोडाथोडा सोडवून आणते. नत्राचीही ओढाताण असते. आपला पिवळ्या फुलांचा तरवड शेंगा धरतो खरा, पण हरभऱ्यासारख्या हवेतलं नत्र धरून ठेवणाऱ्या गाठी त्याच्या मुळांवर नसतात.

म्हणून हलक्या जमिनीतली झुडपं काटकसर करतात. पालवीवर कमी खर्च, मुळांवर जास्त. पान गळण्याआधी त्यातलं साधारण निम्मं नत्र आणि फॉस्फरस खोडामुळांकडे परत ओढून घेतलं जातं. करवंदीची जाड, चिवट पानं तर दीर्घकाळ टिकतात, म्हणजे तो खर्च वारंवार करावा लागत नाही. वणव्यात वरचं सगळं जळालं तरी पावसाळ्यात बुंध्यातून धुमारे फुटतात, ते जमिनीखालच्या साठ्यावर.

वृक्षारोपणाचे खड्डे घ्यायला या जाळ्या ‘खुरटी झुडपं’ म्हणून उपटलेल्या दिसल्या की जीव तुटतो. मुळांतला साठा तर जातोच. सुटा झालेला मुरूमही पहिल्या मोठ्या पावसात ओघळीतून खाली वाहून जातो.