टर्मिनल खिडकीकडे संदेश वळविणे

युनिक्स व तत्सम संगणक प्रणालींत कर्नल (प्रणालीचा गाभा), पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवा आणि वापरकर्त्याचे प्रोग्रॅम यांच्याकडून निघणारे संदेश नेटवर्कने जोडलेल्या पडद्यावरील टर्मिनल खिडकीत (आज्ञा टंकण्याच्या व मजकूर दिसण्याच्या खिडकीत) उमटावेत, यासाठी केलेली योजना. एमआयटीच्या अथेना प्रकल्पात १९८४ साली सुरू झालेल्या व १९८७ साली अकराव्या आवृत्तीपर्यंत पोहोचलेल्या एक्स विंडो प्रणालीमुळे प्रोग्रॅम एका यंत्रावर आणि त्याची खिडकी दुसऱ्या यंत्रावर असणे शक्य झाले. खिडकी कोठे उघडायची हे ‘डिस्प्ले’ या चलावरून (प्रोग्रॅमला माहिती पुरवणाऱ्या नावाच्या नोंदीवरून) ठरते. त्यात यंत्राचे नाव, अपूर्णविराम व पडद्याचा क्रमांक असतो.

इंदूरमधील एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे उदाहरण घेता येईल. गणनेचा मोठा संगणक तळमजल्यावरील बंद खोलीत आणि विद्यार्थी वरच्या मजल्यावरील प्रयोगशाळेत आहेत, असे समजू. विद्यार्थ्याने डिस्प्ले चलात आपल्या यंत्राचे नाव घालून मोठ्या संगणकावर आलेखाचा प्रोग्रॅम सुरू केला, तर आलेख त्याच्यासमोर येतो. पण त्याच प्रोग्रॅमचे त्रुटीसंदेश, ज्या टर्मिनलवरून आज्ञा दिली तेथेच जातात. डिस्प्ले चल केवळ खिडकीचे ठिकाण ठरवते, संदेशांचे नव्हे. हा भेद शिकवताना आवर्जून सांगायला हवा, कारण संदेश हरवल्याच्या तक्रारी येथेच उगम पावतात.

प्रणालीचे संदेश मुळात ‘कन्सोल’ (यंत्राचे मुख्य टर्मिनल) या उपकरणाकडे जातात, म्हणजे वरील उदाहरणात कोणी नसलेल्या खोलीत. ते वळवण्यासाठी एक्सटर्म हा टर्मिनल खिडकी उघडणारा प्रोग्रॅम ‘सी’ या पर्यायासह किंवा एक्सकन्सोल हा प्रोग्रॅम चालवतात. मात्र तो तळमजल्यावरील संगणकावरच चालवून त्याचा डिस्प्ले वरच्या मजल्यावरचा द्यावा लागतो. विद्यार्थ्याच्या यंत्रावर चालवल्यास त्याच यंत्राचे संदेश दिसतात. शिवाय कन्सोल उपकरणाची मालकी व वाचन-लेखनाची परवानगी लागते. युनिक्सच्या बीएसडी घराण्यात कर्नलचे संदेशही असे वळतात. लिनक्समध्ये मात्र कन्सोल उपकरणावर लिहिलेला मजकूरच वळतो, आणि कर्नलचे संदेश सिसलॉग या संदेश नोंदवणाऱ्या सेवेमार्फत मिळवावे लागतात.

सिसलॉग ही सेवा एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात सेंडमेल या ईमेल पोहोचवणाऱ्या प्रोग्रॅमच्या कामातून घडवली. ती संदेशांची उगम व तीव्रता यांनुसार वर्गवारी करते आणि यूडीपी या नेटवर्क-संकेताच्या ५१४ क्रमांकाच्या पोर्टवरून ते दुसऱ्या यंत्राकडेही धाडते. अत्यंत तीव्र संदेश सर्व लॉगिन केलेल्या वापरकर्त्यांच्या टर्मिनलवर उमटवण्याची सोय तिच्यात आहे. ‘वॉल’ ही आज्ञा व्यवस्थापकाला हेच हाताने करू देते, तर ‘राइट’ एकाच व्यक्तीला उद्देशून असते. ‘मेसेज’ आज्ञेने सामान्य वापरकर्त्यांकडून येणारे असे लिखाण बंद करता येते. ज्या खिडकीची नोंद लॉगिनवहीत (लॉगिन केलेल्यांच्या यादीत) नाही, तिच्यापर्यंत वॉल पोहोचत नाही.

दूरच्या यंत्राला पडदा मोकळा करताना ‘एक्सहोस्ट’ या आज्ञेने सर्वांना परवानगी देणे धोक्याचे आहे, कारण अशा पडद्यावरील कळदाब व चित्रे कोणीही टिपू शकतो. एसएसएच या सुरक्षित दूरजोडणीचा सांकेतिक मार्ग वापरल्यास डिस्प्ले चल आपोआप योग्य भरले जाते आणि हा धोका बराच कमी होतो. आज तोच मार्ग धरावा.

इंदूरच्या मराठी व्यवस्थापकांना आणखी एक अडचण लक्षात ठेवावी लागते. एक्सटर्म देवनागरीची जोडाक्षरे जुळवत नाही व ऱ्हस्व इकारही जागेवर बसवत नाही. मराठी सूचना द्यायची असेल तर एमएलटर्मसारखे भारतीय लिप्या जाणणारे टर्मिनल वापरणे सोयीचे ठरते.