परदेशातील नोकरी आणि परदेशातील नेत्रशिबिर : ऑप्टोमेट्रिस्टने ओळखायचा फरक

कोल्हापुरात ऑप्टोमेट्री, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढण्याचे शास्त्र, शिकणारी मुले ‘मला बाहेर जाऊन डोळे तपासायचे आहेत’ असे म्हणतात, तेव्हा त्या एका इच्छेत दोन निराळी कामे मिसळलेली असतात. परदेशात नोकरी करणे हे एक, आणि एखाद्या संस्थेबरोबर थोड्या दिवसांसाठी विनामूल्य सेवा द्यायला जाणे हे दुसरे. शस्त्रक्रिया दोन्हींत नाही. ते काम नेत्रतज्ज्ञाचे.

नोकरीचा भाग बराचसा कागदपत्रांचा आहे. इंटर्नशिपसह चार वर्षांची पदवी भारतात चालते. अमेरिकेत मात्र तिथली ओडी (डॉक्टर ऑफ ऑप्टोमेट्री) पदवी आणि राष्ट्रीय परीक्षा लागते, तर ब्रिटनमध्ये जनरल ऑप्टिकल कौन्सिलची नोंदणी लागते. शिबिरात केलेली सेवा या नोंदणीची जागा घेऊ शकत नाही, हे आधीच समजून घेतलेले बरे.

दवाखाना आणि शिबिर यांतला खरा फरक तपासणीच्या खोलीत दिसतो. हुपरीचा एखादा चांदी कारागीर पंचेचाळिशीनंतर चष्म्यासाठी येतो, तेव्हा तो काम डोळ्यांपासून किती अंतरावर धरतो हे विचारल्याशिवाय जवळचा नंबर ठरवता येत नाही, कारण ४० सेंटिमीटरवर स्पष्ट दिसण्यासाठी २.५ डायॉप्टरची (डायॉप्टर म्हणजे भिंगाची शक्ती मोजायचे एकक) शक्ती लागते, तर २५ सेंटिमीटरवर ती ४ डायॉप्टर होते. पेपर वाचायला उत्तम असलेला चष्मा पैंजणाची बारीक कडी जोडताना कुचकामी ठरतो तो यामुळेच. शिवाय प्रत्येक डोळ्याचा नंबर, सिलिंडर (बुबुळाच्या असमान वक्रतेसाठीचा, ठरावीक अक्षावर बसवायचा नंबर) आणि बाहुल्यांमधले अंतर वेगळे मोजलेले असते, आणि एवढे करूनही डोके दुखू लागले तर तोच माणूस आठवड्याने परत येतो व चूक दुरुस्त होते.

शिबिरात परत येणे बहुधा नसतेच. तिथे बऱ्याचदा तयार वाचनाचे चष्मे असतात, ज्यांत दोन्ही काचांचा नंबर सारखा असतो आणि सिलिंडर नसतो. म्हणून त्यांना हलके मानू नये; बांगलादेशातील ग्रामीण कामकऱ्यांवरील, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोफत वाचनाचा चष्मा मिळालेल्यांचे उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने अधिक आढळले. घरोघरून गोळा केलेल्या जुन्या चष्म्यांची गोष्ट मात्र वेगळी. एकाचा नंबर व सिलिंडरचा अक्ष दुसऱ्याला सहसा जुळत नाही आणि निवडण्या-धुण्याचा खर्च वाढतो, म्हणून अंधत्व निवारणासाठीची आंतरराष्ट्रीय संस्था आयएपीबी असे चष्मे वाटू नयेत असे सांगते. आपल्याकडची दानशूर मंडळी तरीही खोकी भरून देतात, हा भाग निराळा.

पिनहोलची चाचणी दोन्हीकडे एकच असते. दूरची ओळ न वाचू शकणाऱ्या रुग्णाला सुमारे एक मिलिमीटरच्या छिद्रातून ती दिसू लागली, तर दोष बहुधा चष्म्याने सुटणारा असतो. दिसली नाही, तर मोतीबिंदू, काचबिंदू किंवा दृष्टिपटलाचा विकार तपासावा लागतो. कोल्हापुरात अशा वेळी चिठ्ठी देऊन रुग्णाला सीपीआर या सरकारी रुग्णालयात पाठवता येते. परक्या देशात ती चिठ्ठी घेणारे रुग्णालय नसेल, तर रुग्णाला आजार कळतो पण उपचार मिळत नाही. म्हणूनच चमू परतल्यावर रुग्ण कोण पाहणार आणि मोडलेला चष्मा कोण बदलून देणार, हे जाण्यापूर्वी संस्थेला विचारावे. ऑर्बिस या संस्थेचे १९८२ पासून फिरणारे, विमानातले उडते नेत्ररुग्णालय स्थानिक डॉक्टरांच्या प्रशिक्षणावर भर देते; नेपाळमध्ये १९९४ मध्ये सुरू झालेल्या तिलगंगा संस्थेने तर मोतीबिंदूनंतर बसवायची भिंगे काठमांडूतच बनवायला घेतली.

शिबिराला जायचेच असेल, तर आधी काही वर्षे दवाखान्यात काम करावे. नंबर मोजणाऱ्या, हातात धरायच्या स्वयंचलित यंत्रात डोकावताना लहान मुले जवळचे पाहिल्यासारखी नजर रोखतात, त्यामुळे मायनस नंबर प्रत्यक्षापेक्षा जास्त निघू शकतो. तो पडताळायला रेटिनोस्कोपचा (डोळ्यात प्रकाश टाकून नंबर काढायच्या साधनाचा) सराव लागतो, आणि तो रोजच्या ओपीडीत सावकाश बसतो. समोर रांग लागलेली असताना शिकता येत नाही.