दुसरा मंगळवार आणि अकरा तारीख

विंडोजच्या दुरुस्त्या, म्हणजे अपडेट, मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध करते. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. बुधवारी सकाळी दुकान उघडून संगणक चालू केला, की कोपऱ्यात ‘रीस्टार्ट करा’ अशी सूचना येऊन बसलेली असते. दुसरा मंगळवार नेहमी ८ ते १४ तारखेच्या दरम्यान पडतो आणि जीएसटीआर-१ हे विक्रीचं जीएसटी विवरण दरमहा भरणाऱ्यांची मुदत असते ११ तारीख. म्हणजे ज्या आठवड्यात अकाउंटंटला संगणकाला हातसुद्धा लावू द्यायचा नसतो, नेमकी त्याच आठवड्यात ही सूचना येते. ती पुढे ढकलली जाते. मग २० तारखेचं ३बी हे दुसरं विवरण, मग पगार, मग महिनाअखेर. मी छोट्या दुकानांचे, कारखान्यांचे संगणक सांभाळतो. वर्षभर अपडेट न झालेलं यंत्र मला वरचेवर भेटतं. कित्येकदा ‘सारखं मध्ये येतं’ म्हणून कुणीतरी अपडेटची सोयच बंद करून दिलेली असते. मालकावर मी चिडत नाही, कारण त्याची अडचण खरी आहे. पण त्या सूचनेमागे काय चालतं, हे त्याला कुणी नीट सांगितलेलं नसतं.

दुरुस्ती जाहीर झाली, की दोष कुठे होता हेही जाहीर होतं. जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून ताडून पाहिल्या, की कोणत्या ओळी बदलल्या ते जाणकाराला दिसतं. त्यावरून जुन्या यंत्रात शिरायची वाट शोधता येते. म्हणून अपडेट न केलेला संगणक कालच्याइतकाच सुरक्षित राहतो असं नाही. त्याच्यातलं भोक आता चारचौघांना माहीत झालेलं असतं.

२०१७ साली हे सगळ्या जगाने पाहिलं. १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या फाइल शेअरिंगमधला एक दोष दुरुस्त केला. १४ एप्रिलला ‘शॅडो ब्रोकर्स’ नावाच्या टोळीने, अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने त्याच दोषावर बनवलेलं हत्यार इंटरनेटवर उघडं टाकलं. आणि १२ मेच्या शुक्रवारी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीचा व्हायरस सुटला. त्याने दीडशेच्या वर देशांतले दोन लाखांहून जास्त संगणक कुलूपबंद केले आणि प्रत्येकामागे ३०० डॉलरची खंडणी बिटकॉइनमध्ये मागितली. ब्रिटनमध्ये रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, तर आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे संगणक अडकले. दुरुस्ती येऊन तेव्हा ५९ दिवस झाले होते.

तो दोष कसला होता, हे हिशेब ठेवणाऱ्या माणसाला चटकन कळेल. समजा, वहीत १,००,००० हा आकडा आहे आणि तो कमी करून ९९,९०० करायचा आहे. हिशेबनिसाने शेवटचे पाच आकडे खोडून तिथे ९९९०० लिहिलं आणि सुरुवातीचा १ खोडायचा राहून गेला. वहीत दिसतंय १,९९,९००. कमी व्हायची रक्कम जवळपास दुप्पट झाली. विंडोजमध्ये अगदी हेच घडत होतं. शेअरिंगवरून आलेल्या एका यादीचा आकार ३२ बिटांच्या, म्हणजे शून्य किंवा एकच्या ३२ घरांच्या, आकड्यात ठेवलेला होता. तो कमी करताना फक्त खालचे १६ बिट नव्याने लिहिले जायचे, वरचे १६ तसेच राहायचे. म्हणून ६५,५३६ चे ६५,३७३ व्हायला हवेत, तिथे व्हायचे १,३०,९०९. पुढचा सगळा व्यवहार या फुगलेल्या आकड्यावर चालायचा. मेमरीतली राखून ठेवलेली जागा पुरायची नाही, माहिती शेजारच्या जागेत सांडायची. काय सांडायचं हे हल्लेखोराने आधीच ठरवून पाठवलेलं असेल, तर संगणक त्यालाच आज्ञा समजून पाळायचा. ना कुणी लिंक दाबायची गरज, ना पासवर्डची. यंत्र चालू असणं आणि जाळ्यात असणं एवढं पुरे.

आता दुकानातलं चित्र आठवा. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा एका संगणकावर असतो. काउंटरवरचा आणि आतल्या खोलीतला संगणक तोच फोल्डर शेअरिंगने उघडतात. कटकट नको म्हणून तो फोल्डर सगळ्यांना पूर्ण खुला ठेवलेला असतो. खंडणीचा व्हायरस यातल्या कुठल्याही एका यंत्रात शिरला, की त्याच शेअरिंगच्या वाटेने डेटापर्यंत पोहोचतो. म्हणून शेअर केलेल्या फोल्डरला फक्त नावानिशी दिलेल्या खात्यांनाच प्रवेश ठेवावा. ज्या खात्याने रोजचं बिलिंग होतं, ते ॲडमिनिस्ट्रेटरचं, म्हणजे संगणकावर सगळे अधिकार असलेलं, नसावं.

या शेवटच्या वाक्यावर मी हटून बसतो, त्यालाही त्याच वर्षीचं कारण आहे. २७ जून २०१७ ला युक्रेनमध्ये ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस सुटला. तिथले व्यापारी करभरणीसाठी ‘एम.ई.डॉक’ नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरायचे, आपल्याकडे टॅली वापरतात तसं. हल्लेखोरांनी त्या कंपनीचा सर्व्हर ताब्यात घेऊन खुद्द अपडेटमधूनच विष पाठवलं. आत शिरल्यावर ते संगणकाच्या मेमरीत राहिलेले ॲडमिनिस्ट्रेटरचे पासवर्ड उचलायचं आणि त्यांच्या जोरावर मार्चची दुरुस्ती केलेल्या यंत्रांतही घुसायचं. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदरातलं तिच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. जगभरात तिला ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले.

‘मग अपडेट करूच नये ना?’ असं मला यावर हमखास विचारतात. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली आणि आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले, तेही लोकांच्या लक्षात आहे. त्यामुळे मी मधली वाट सांगतो. अपडेट बंद करू नका आणि बुधवारी सकाळी घाईने घेऊही नका. जीएसटीआर-१ गेलं, की त्या आठवड्याच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी आधी बॅकअप घ्या, मग अपडेट लावा आणि रीस्टार्ट करून टॅली, प्रिंटर, बारकोड स्कॅनर चालतात का ते बघूनच शटर ओढा. ब्राउझरचं अपडेट मात्र ते येईल त्याच दिवशी घ्या.

मर्स्कच्याच गोष्टीत बॅकअपचा सगळा अर्थ आहे. कंपनीच्या जाळ्यात कुणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते आणि ते एकमेकांशी सतत जुळवून घेत होते. एक गेला तर दुसरा आहे, असा हिशेब. सगळे एकाच वेळी जातील, हा विचारच झाला नव्हता. वाचला तो फक्त घानामधला एक. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्या एका प्रतीवरून कंपनी पुन्हा उभी राहिली.

आपल्या दुकानात पेनड्राइव्ह बारा महिने संगणकाला लावलेला असतो आणि त्याला बॅकअप म्हणतात. व्हायरस त्यालाही कुलूप घालणारच. क्लाउडवर आपोआप चढणारा फोल्डर असेल, तर कुलूपबंद फाइलही इमानाने वर चढते. तिथे जुन्या आवृत्त्या किती दिवस राहतात ते आजच बघून ठेवा. माझा आग्रह दोन बाहेरच्या डिस्कचा असतो. या आठवड्यात एक, पुढच्या आठवड्यात दुसरी. काम झालं की काढायची आणि एक नेहमी घरी. तीन महिन्यांतून एकदा त्यातला डेटा दुसऱ्या संगणकावर उघडून मागच्या महिन्याचा ताळेबंद जुळतो का ते पाहायचं. ही उघडून पाहायची पायरी जवळपास सगळेच गाळतात. डिस्क कधीच खराब झाली होती हे संकटाच्या दिवशी कळलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांचे चेहरे विसरता येत नाहीत.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकू नका. ते टाकताना पहिली सूचनाच ‘अँटिव्हायरस बंद करा’ अशी असते. पत्रं-तक्त्यांना लिबरऑफिस, फाइली बांधायला ७-झिप, पासवर्डांसाठी बिटवॉर्डन किंवा कीपास हे सगळं फुकट आणि राजरोस मिळतं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जादा मुदतीची सेवा तात्पुरती आहे. जुनं यंत्र विंडोज ११ घेत नसेल आणि त्यावर फक्त ब्राउझर चालत असेल, तर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाका. टॅलीचं यंत्र मात्र बदलावंच लागेल.

इतकं करूनही एखाद्या सकाळी पडद्यावर खंडणीची पाटी दिसलीच, तर आधी जाळ्याची वायर ओढा आणि वायफाय बंद करा. १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला फोन लावा. घाईने फॉरमॅट करू नका. नवी डिस्क घालून काम चालू करा आणि कुलूपबंद डिस्क तारीख टाकून कपाटात ठेवा. युरोपोल ही युरोपची पोलीस संस्था आणि डच पोलिसांनी इतरांसोबत २०१६ साली सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर अनेक व्हायरसांच्या किल्ल्या फुकट मिळतात. टोळी पकडली गेली, की कधी कधी महिन्यांनी नव्या किल्ल्यांची भर पडते. आज न उघडणारी डिस्क पुढच्या वर्षी उघडू शकते.