मशीनला नजर लागत नाही, स्टेप सुटते

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या माझ्या मित्राच्या गाळ्यात पाय ठेवायला जागा नसते. २०१८ ला थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून एमडीएफच्या मखरांना मागणी आहे आणि त्याच्याकडे एक छोटं सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या सूचनांवर चालणारं कापायचं मशीन आहे, ते दिवसरात्र जाळ्या कापत असतं. मागच्या वर्षी एक मोठी कमान अर्धी छान कापून झाली आणि पुढची अर्धी नक्षी सरळ बाजूला सरकून कापली गेली, अख्खी शीट वाया. शेजारचे काका म्हणाले नजर लागली, दुसऱ्या दिवशी कंट्रोलरच्या डब्याला लिंबू-मिरची. आणि जो दुरुस्तीला आला होता तो म्हणाला, फुकटचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे हो, त्याचा हिशोब मध्येच चुकतो, इम्पोर्टेड कंट्रोलर घ्या.

खंडेनवमीला मशीनला हळद-कुंकू मीही लावतो, ज्यावर पोट चालतं त्याला हात जोडण्यात काही गैर नाही. पण बिघाडाला नजर म्हटलं की कारण शोधणंच थांबतं. आणि "फुकटचं म्हणून चुकतं" म्हटलं तरी तेच होतं.

त्या डब्यात आहे आर्डुइनो उनो नावाचा छोटा कंट्रोल बोर्ड आणि त्याच्या चिपमध्ये भरलेलं जीआरबीएल नावाचं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर. २००९ मध्ये सिमेन स्वाले स्कोग्सरुड या नॉर्वेच्या माणसाने ते सुरू केलं, पुढे सनी जिऑन यांनी वाढवलं. सगळा कोड सी भाषेत, कोणीही उघडून वाचावा, बदलावा. चिप केवढी, तर ३२ केबी फ्लॅश, २ केबी रॅम, १६ मेगाहर्ट्झ. तुमच्या फोनमधला एक फोटो यात मावणार नाही, आणि हीच चिप तीन मोटरी एकत्र नाचवते.

या मोटरी स्टेपर जातीच्या. स्टेपर मोटरला एकच गोष्ट कळते, एक पल्स म्हणजे विजेचा एक ठोका आला की एक पाऊल (स्टेप). फेऱ्याला २०० पावलं, मोटर चालवणारं सर्किट (ड्रायव्हर) प्रत्येक पावलाचे १६ तुकडे करतो म्हणजे ३२००, आणि आमचा स्क्रू एका फेऱ्यात ८ मिमी सरकवतो, म्हणजे एका मिलिमीटरला ४०० पल्स. एकच मोटर असेल तर मोजा आणि पाठवा, संपलं. पण तिरकी रेघ मारायची असेल तर? समजा आडवी मोटर, एक्स, १० पावलं आणि उभी, वाय, ३. दोघांनी एकाच वेळी पोचायचं आणि वाटेत रेघ सरळ दिसली पाहिजे. वायने नेमकं कधी पाऊल टाकायचं?

शाळेतलं गणित सांगेल की ३ भागिले १०, उतार ०.३, दर पावलाला गुणा. पण या चिपमध्ये भागाकाराची सूचनाच नाही, दशांश अपूर्णांकांचंही वेगळं हार्डवेअर नाही, ते सगळं लांबच्या वाटेने करावं लागतं. आणि वेळ बघा, जीआरबीएल सेकंदाला ३०,००० पर्यंत पल्स देऊ शकतं, म्हणजे दोन पल्समध्ये चिपच्या घड्याळाचे जेमतेम ५३३ ठोके. त्यात भागाकार करत बसलात तर मोटर अडखळणार.

इथे जॅक ब्रेसनहॅमची युक्ती येते. हे आयबीएममध्ये होते, १९६२ च्या सुमारास प्लॉटर, म्हणजे पेनाने रेघा काढणारं यंत्र, चालवण्यासाठी त्यांनी ती काढली, १९६५ ला छापून आली. मी पहिल्यांदा समजून घेतली तेव्हा वहीवर तीन-तीनदा मांडून बघितली, इतकी आवडली. वायचं एक खातं उघडा. एक्सने पाऊल टाकलं की वायच्या खात्यात ३ रुपये जमा. खात्यात १० किंवा जास्त झाले की वायने एक पाऊल टाकायचं आणि १० वजा. सुरुवातीला खात्यात निम्मे म्हणजे ५ ठेवायचे, म्हणजे रेघ खऱ्या रेषेच्या जवळात जवळच्या पावलावर पडते. आता चालवा: ८, मग ११ झाले, पाऊल, उरला १. मग ४, ७, १०, परत पाऊल, उरले ०. ३, ६, ९, १२, पाऊल, उरले २. शेवटी ५. म्हणजे एक्सच्या दुसऱ्या, पाचव्या आणि नवव्या पावलाला वाय हलला, बरोबर ३ वेळा, आणि खात्यात सुरुवातीला होते तेवढेच ५! एक पैसाही इकडचा तिकडे नाही. फक्त बेरीज, वजाबाकी आणि तुलना, सगळे पूर्णांक. पुढची रेघ पुन्हा स्वच्छ खात्याने सुरू, त्यामुळे लाखो रेघा मारल्या तरी चूक साठत जात नाही. "हिशोब मध्येच चुकतो" हे म्हणूनच मला पटलं नाही.

एक अडचण राहते. दुसरं, पाचवं, नववं, ही अंतरं समान नाहीत, वाय धडधडतो, कमी वेगात ते ऐकूही येतं. त्यासाठी जीआरबीएल कमी वेगात हाच हिशोब दुप्पट, चौपट किंवा आठपट बारीक ठोक्यांवर करतं, बिट सरकवून, म्हणजे पुन्हा भागाकार नाहीच.

मग आमची कमान सरकली कशी? ठाण्याहून ऐरोलीला जाणारी लोकल जागेवरून एकदम फुल स्पीडला जात नाही, वेग घेते आणि स्टेशनच्या आधी सोडते, मशीनचंही तसंच. मिनिटाला ३००० मिमी म्हणजे सेकंदाला ५० मिमी, प्रवेग १०० धरला तर तिथे पोचायला साडेबारा मिमी लागतात. पण जाळीच्या वळणात १-१ मिमीचे तुकडे असतात, प्रत्येक तुकड्यावर थांबलं तर वेग १० च्या वर जाणारच नाही. म्हणून फर्मवेअर पुढचे १६ तुकडे आधीच वाचून कोपऱ्यावर किती हळू व्हायचं ते ठरवतं. हे सगळं ते सेटिंगमध्ये भरलेल्या प्रवेगाच्या आकड्यावर विसंबून करतं, एक्ससाठी तो डॉलर १२०, आणि तो आकडा खरा की खोटा हे त्याला कळायचा मार्गच नाही. मोटर प्रत्यक्षात हलली का, हे कोणी परत येऊन सांगत नाही.

आम्ही व्हर्नियर लावून सरक मोजली, ३.२ मिमी. या मोटरच्या फिरणाऱ्या भागाला, रोटरला, ५० दात असतात, सुटली की ती पूर्ण दातानेच सुटते, चार पूर्ण पावलं, म्हणजे ६४ पल्स, म्हणजे ०.१६ मिमी. ३.२ म्हणजे बरोबर २० दात. पल्स गेल्या होत्या, मोटरला झेपल्या नाहीत, स्टेप सुटल्या. डॉलर १२० बघितला तर ५००, ऑर्डरी वाढल्या तेव्हा काम लवकर व्हावं म्हणून कोणीतरी वाढवलेला. १५० केला आणि तीच कमान नव्या शीटवर परत लावली, साडेतीन तास चालली आणि शेवटचा कोपरा पहिल्या कोपऱ्याला येऊन बरोबर मिळाला.